आम्हाला माहीतच नव्हतं

नाशिक,
६ नोव्हेंबर २००५

शुभांगी,

उत्तराला उशीर झाला, माफ कर. हा उशीर या एका पत्राचा नाही, पंधरा वर्षांचा आहे. तू दर दिवाळीला शुभेच्छापत्र पाठवत राहिलीस आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. राग आहे म्हणून लिहीत नाही, असं मी स्वतःला सांगत आले. आज लिहायला बसल्यावर वाटतं, रागाइतकीच भीतीही असावी. एकदा सुरुवात केली की सगळंच लिहावं लागेल, याची.

फोन करता आला असता. पण फोनवर तू मध्येच रडायला लागतेस आणि मग तुझीच समजूत काढावी लागते. पत्रात ती सोय नाही.

अक्षर मोठं आणि काळं दिसेल. मी जाड मार्करने लिहिते, कागदावर लांब खाच पाडलेला काळा पुठ्ठा ठेवून. खाचेतून एका वेळी एकच ओळ उघडी राहते, म्हणजे ओळीवर ओळ चढत नाही. पानावर फार थोडं मावतं, त्यामुळे पाकीट जाड होईल. तुझ्या सासूबाई विचारतील कोणाचं म्हणून. सांग, वहिनीचं. आहे ना मी अजून तुझी वहिनी? तुझ्या दादांनी मला घटस्फोट दिला नाही आणि घरातही घेतलं नाही, त्यामुळे नातं शाबूत आहे.

गोदाचं जमलं हे तुझ्या पत्रातून कळलं. मुलगा मखमलाबादचा, घरची फुलशेती, नाव भारत. माझ्या मुलीचं लग्न ठरल्याचं मला तुझ्याकडून कळावं, याबद्दल काही लिहीत नाही. पाच वर्षांची होती तेव्हा तुम्ही तिला ठेवून घेतलंत. तिची वेणी तू घातलीस, डबे तू भरलेस. ते मी नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर हे पत्र सोपं झालं असतं.

तू लिहितेस, 'साखरपुड्याला तू यायलाच हवंस, तू तिची आई आहेस. फक्त काठी आणू नकोस. मी हात धरून नेईन, पूर्वीसारखं. त्यांना आपण सांगितलंय की तापात तुझ्या डोळ्यांना त्रास झाला होता, आता बरंच बरं आहे.'

'पूर्वीसारखं' हा शब्द मी भिंगाखाली धरून पुन्हा पुन्हा वाचला. तू विसरली असशील तर पूर्वीचं सांगते.

१९९०. तुझा साखरपुडा, ओझरच्या आपल्या घरी. माझी नजर जायला लागून तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. गोदा पाळण्यात होती तेव्हा सुरुवात झाली. नजरेच्या मधोमध डाग. कडेचं दिसायचं, आजही दिसतं. दार, खुर्ची, साडीचा रंग, माणूस आला-गेला. चेहरा मात्र नाही. ज्याच्याकडे बघावं तोच पुसला जातो. हे घरात फक्त तुला माहीत होतं. कॉलेजातल्या मैत्रिणी आधी, नणंद-भावजय नंतर, म्हणून तुलाच सांगितलं. तू म्हणालीस, 'माझं लग्न होईपर्यंत कळू देऊ नकोस, सुवर्णे. घरात असं काही आहे म्हटलं की माझं मोडेल.' मी कबूल झाले. लोकांना कळू न देण्याच्या सगळ्या युक्त्या मी शोधल्या आणि रोज तुझ्यासमोर तालीम केली. बोलणाऱ्याच्या आवाजाकडे तोंड करायचं, आधी हसायचं, चहा ओतताना पेल्याच्या कडेला बोट लावायचं.

त्या दिवशी हळदीकुंकवाची वेळ आली आणि तू करंडा माझ्या हातात दिलास. 'आमच्याकडे वहिनीच लावतात.' बायकांना तू आधीच बसवून ठेवलं होतंस. सवाष्णी एका रांगेत, विधवा पलीकडे खिडकीशी. मी फक्त रांगेने जायचं होतं. नवऱ्या मुलाच्या विधवा आत्या नवसाबाई उकडायला लागलं म्हणून उठून पंख्याखाली आल्या आणि रांगेत बसल्या. मी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं.

मग त्यांचे भाऊ ओरडले, 'ही काय थट्टा चाललीय आमच्या बहिणीची?' मी तुझ्या आवाजाची वाट बघत होते. तो आला. 'आम्हाला माहीतच नव्हतं हो. हिला दिसत नाही. लग्नाआधीपासून दिसत नव्हतं, हिने लपवलं. आमचीच फसवणूक झालीय.'

शुभांगी, कॉलेजात शेवटच्या बाकावरून फळा वाचून तुझ्या वहीत उतरवून द्यायचे ती मी होते.

तुझं लग्न झालं. फसवल्या गेलेल्या घराबद्दल त्यांना दया आली. मला तुझ्या दादांनी महिन्याभरात नाशिकला माहेरी पोचवलं. आंधळीकडे पोर कशी ठेवायची, म्हणून गोदा ओझरला राहिली, गावातच सासर असलेल्या तुझ्या हाती.

आता इथलं. मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. द्वारका चौकाजवळ दोन खोल्यांत राहते. इथल्या नेत्र रुग्णालयात अल्पदृष्टी विभाग आहे. तिथे आबिदा नावाच्या बाईंनी मला बघायला शिकवलं. हो, बघायला. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, 'मॅडम, तुम्ही सारखं समोर का बघताय? समोर काय ठेवलंय? माझ्या डोक्याच्या जरा वर बघा, अकरा वाजल्यावर तासकाटा असतो ना, तिकडे.' मी तिकडे बघितलं आणि डागाच्या खालून त्यांची हनुवटी दिसली. पाच वर्षांत पाहिलेली पहिली हनुवटी. मी रडले. त्या म्हणाल्या, 'माझी हनुवटी एवढी काही वाईट नाहीये.' आता माझ्याकडे वाचायचं भिंग आहे, बसचा नंबर वाचायला छोटी दुर्बीण आहे, पांढरी काठी आहे. यातलं सगळंच १९९० मध्ये तुमच्याच घरात मिळू शकलं असतं. फक्त कोणाला तरी मोठ्याने म्हणावं लागलं असतं, की हिला कमी दिसतं.

येईन मी साखरपुड्याला. काठी घेऊन येईन. आणि तू आवाज चढवलास तर पूर्वीचंही सांगेन, नावानिशी.

सुवर्णा


नाशिक,
२७ नोव्हेंबर २००५

शुभांगी,

परवा गोदा आली होती. माझ्या पत्राने घाबरून तूच पाठवलं असशील, आईची समजूत काढ म्हणून. तिने सुरुवात तशीच केली. 'आई, आत्याला टेन्शन आलंय. तू एक दिवस काठी नाही आणलीस तर काय होईल?' मी म्हटलं, आधी काहीतरी खाऊ.

कॉलेज रोडच्या एका हॉटेलात गेलो. वेटरने मेनूकार्ड दिलं. मी भिंग काढून वाचलं, शेजारच्या टेबलावरची मुलं कुजबुजली, रोजचंच आहे. मग मी ते गोदाला दिलं. पानं उलटल्याचा आवाज आला, एकसारखा. वाचणारा माणूस कुठेतरी अडतो, एखादं पान मागे घेतो. ही अडली नाही.

'काय घेतेस?'

'तू घेशील तेच.'

हे वाक्य मी सात वर्षं प्रत्येक हॉटेलात म्हटलंय.

यापुढे मी जे केलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मी कार्ड तिच्याकडून घेतलं, भिंगातून बघायचं नाटक करून उलटं केलं, खालची बाजू वर, आणि परत तिच्या हातात दिलं. म्हटलं, 'माझं भिंग धुरकट झालंय. बघ बरं, आज काही वेगळं आहे का?'

तिने ते चेहऱ्यासमोर धरलं. 'काही नाही गं, नेहमीचंच. इडली, डोसा, उत्तप्पा.'

पोटच्या पोरीला मी सापळा लावला. ती सापडली. वेटरने पाणी आणलं आणि तिने जगमधून ओतताना पेल्याच्या कडेला बोट लावलं.

'कधीपासून, गोदा?'

'काय कधीपासून?'

'कार्ड उलटं आहे, बाळा.'

तिने कार्ड मिटून खाली ठेवलं. मग म्हणाली, 'बारावीपासून. आधी वाटलं चष्म्याचा नंबर असेल.'

'कोणाला माहीत आहे?'

'आत्याला. बाबांना नाही. आत्या म्हणाली, लग्न होईपर्यंत कळू द्यायचं नाही. तिनेच शिकवलंय मला सगळं.'

'काय काय शिकवलं?'

'आवाजाकडे बघायचं. आधी हसायचं...'

पुढचं मीच म्हटलं. ती थक्क झाली. 'तुला कसं माहीत?'

शुभांगी, त्या युक्त्या माझ्या होत्या. तुला वाचवण्यासाठी मी त्या तुझ्यासमोर घडवल्या. तू त्या जपून ठेवल्यास आणि माझ्याच मुलीला घातल्यास, माझ्या जुन्या साड्या कापून तिचे परकर शिवावेत तशा. बी.कॉम.चा एक विषय राहिला तेव्हा तू मला फोनवर म्हणाली होतीस, 'अभ्यासच करत नाही गं, आळशी झालीय.' ती प्रश्नपत्रिका वाचू शकली नव्हती. तिला जास्त वेळ मिळाला असता, लेखनिक मिळाला असता. नियम आहेत तसे, कितीतरी वर्षांपासून आहेत. त्यासाठी कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं.

मखमलाबादला जाऊन कारभारीअण्णांच्या दारात उभं राहून सगळं सांगावं, असं काल दिवसभर वाटत होतं. मुलाचे वडील आहेत, त्यांना कळायला हवं, हे खरं. पण मी डोळे मिटून ते दृश्य बघितलं तेव्हा त्यात कारभारीअण्णा नव्हतेच. तू होतीस. तुझं तोंड पडलेलं होतं, आणि गंमत म्हणजे मला ते स्पष्ट दिसत होतं. म्हणून गेले नाही. हा चांगुलपणा नाही. फक्त कारण तपासून बघायची माझी जुनी खोड आहे.

गोदाला मी आबिदाकडे नेणार आहे. तू आड येऊ नकोस.

सुवर्णा


नाशिक,
१४ डिसेंबर २००५

शुभांगी,

तुझा निरोप मिळाला, 'तू सूड म्हणून तिला दवाखान्यात फिरवतेयस.' उत्तर खाली देते. आधी काय झालं ते.

गोदा स्वतःहून आली. मी एकदाच फोन केला होता. आबिदाने तिला खुर्चीत बसवून गप्पांतच तपासलं. 'भारत कसा आहे दिसायला?' गोदा म्हणाली, 'छान आहे.' 'छान म्हणजे? नाक कसं आहे?' गोदाला उत्तर देता येईना. आबिदा म्हणाल्या, 'काही हरकत नाही, माझ्या मिस्टरांचं नाक मला स्वच्छ दिसतं, तरी पस्तावलेय.' पोरगी हसली आणि हसता हसता रडायला लागली. तिने भारतचा चेहरा पाहिलेलाच नाही. त्याचा आवाज तिला आवडतो.

मग डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांकडे गेलो. माझंच दुखणं. औषध नाही, ऑपरेशन नाही. पूर्ण आंधळी होणार नाही, कडेची नजर राहील. उन्हात गडद चष्मा घालायचा. आणि जे शिकता येईल ते लवकर शिकायचं.

मी विचारलं, 'माझ्यामुळे आलं ना?'

डॉक्टर म्हणाले, 'एकट्या तुमच्यामुळे नाही येत हे. दोन्हीकडून यावं लागतं. तुमच्याकडून एक आणि वडिलांकडून एक. वडिलांना स्वतःला काही होत नाही, पण त्यांच्या अंगात ते असतं. त्यांच्या घरात असतं.'

आता जे लिहिते ते मी रोजनिशीतही लिहिलं नव्हतं. ते ऐकताना माझी मुलगी शेजारी बसली होती, तिचा हात माझ्या हातात होता, तिला आत्ताच सांगितलं होतं की तिची नजर जाणार आहे. आणि मला आनंद झाला. क्षणभर, पण अगदी खरा, उकळून वर आलेला. तुमच्या घरात आहे! पंधरा वर्षं मी ज्याची वाहक म्हणून बाहेर काढली गेले, ते अर्धं तुमचं आहे. गोदाचे डोळे चांगले निघाले असते तर हे मला कधी कळलं नसतं. म्हणजे मला हे कळावं म्हणून तिचे डोळे... वाक्य पूर्ण करत नाही. गोदाने विचारलं, 'आई, माझा हात एवढा का दाबतेस?'

तेव्हा, सूड आहे का? आहे. पण तिला दवाखान्यात नेणं तेवढंच नाही. मी दोन्ही वेगळे करून बघायचा प्रयत्न केला, वेगळे होत नाहीत.

आता माझी अट. साखरपुड्याच्या आधी तू स्वतः मखमलाबादला जा. कारभारीअण्णांना सांग की गोदाला कमी दिसतं, ते तुला चार वर्षांपासून माहीत आहे, आणि ते दोन्ही घरांतून आलंय. तू सांगितलं नाहीस तर साखरपुड्यात मी सांगेन. गोदाला मी हे बोललेले नाही. तिला या सौद्यात ओढायचं नाही.

सुवर्णा


नाशिक,
४ जानेवारी २००६

शुभांगी,

तू तिथे होतीस, त्यामुळे रविवारचं तुला सांगायची गरज नाही. पण माझ्या बाजूने ते कसं ऐकू आलं ते तुला माहीत नाही. आणि मला ते लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

ओझरच्या मंगल कार्यालयात शिरले तेव्हा काठीचा आवाज होताच कुजबुज सुरू झाली. तू धावत आलीस, काठीवर हात ठेवलास आणि हळूच म्हणालीस, 'दे ना इकडे, वहिनी, मी कोपऱ्यात ठेवते.' मी दिली नाही. तू कारभारीअण्णांना काहीच सांगितलेलं नाहीस हे मला त्या आवाजावरून कळलं. मी योग्य वेळेची वाट बघत बसले. तोंडात वाक्यं तयार होती. खरं सांगते, मला मजा येत होती.

पण गोदा माझ्याही पुढे गेली होती. आदल्या दिवशी तिने भारतला फोन करून सगळं सांगून टाकलं होतं. मला नाही सांगितलं, तुलाही नाही. टिळ्याचं ताट आलं आणि कारभारीअण्णा उभे राहिले.

'थांबा जरा. पोरीनं काल आमच्या भारतला सांगितलं, का तिला कमी दिसतं म्हणून. सांगितलं ते लय चांगलं केलं. आमचं फुलांचं काम, पहाटं अंधारात तोडणी असती, पण त्याचं काय, ते बघता आलं असतं. मला फक्त येवढं सांगा, घरात कुनाला माहीत व्हतं का नाय?'

तुझ्या दादांनी घसा खाकरला. त्यांना खरंच माहीत नव्हतं, ते काय बोलणार. मग तू बोललीस.

'आम्हाला माहीतच नव्हतं हो, अण्णा. पोरीनेच लपवलं.'

तेच वाक्य. आवाजही तोच, शेवटी थोडा थरथरणारा. मला वाटतं तू ठरवून बोलली नाहीस. पाण्यात पडल्यावर हात आपोआप हलतात तसं झालं असेल. तुझ्यातलं हे मी समजू शकते आणि म्हणूनच जास्त किळस येते.

पाटावरून गोदा एवढंच म्हणाली, 'आत्या?'

मी उभी राहिले. तयार केलेलं भाषण केलं नाही. १९९० चं काही बोलले नाही. एवढंच म्हणाले, 'अण्णा, हे दुखणं एका घरातून येत नाही, दोन्हीकडून यावं लागतं, डॉक्टरांना विचारा. माझ्याकडून आलं तसं यांच्याकडून आलं. भावाच्या अंगात आहे ते बहिणीच्याही अंगात असेल. शुभांगीलाही दोन मुलगे आहेत.'

तुझ्या सासूबाईंनी हातातलं ताट खाली ठेवल्याचा आवाज मी ऐकला. मग त्यांचा प्रश्न ऐकला. 'शुभांगी, ही काय म्हनती?' मी तुझ्या दिशेला बघत होते, अकराच्या काट्याकडे. डागाच्या खालून तुझी मान दिसली, खाली गेलेली. पंधरा वर्षं ज्याची वाट बघितली ते हेच, असं मी मनात म्हटलं.

कारभारीअण्णा म्हणाले, 'कळवतो आमी.' कोणीतरी जेवून जा म्हणालं. ते नको म्हणाले. भारत तेवढा मागे राहिला. त्याने गोदाला विचारलं, 'पेपर कधी आहे तुझा?' ती म्हणाली, 'मार्चमध्ये.' तो म्हणाला, 'बरं,' आणि गेला.

गोदा कपडे न बदलता माझ्यासोबत निघाली. बसमध्ये शेजारी बसून तिने विचारलं, 'तू माझ्यासाठी बोललीस का तुझ्यासाठी?'

'दोघींसाठी.'

'आई, खरं सांग.'

'माझ्यासाठी.'

ती खिडकीकडे वळली. आडगाव गेलं तेव्हा म्हणाली, 'निदान तू खरं तरी सांगतेस. आता गप्प बस.'

सुवर्णा


नाशिक,
१९ फेब्रुवारी २००६

शुभांगी,

तू मागच्या आठवड्यात फोन केलास. सासूबाई बोलत नाहीत, नवरा म्हणतो तुमच्या घराने आम्हाला फसवलं, थोरल्याला क्रिकेटमधून काढून घेतलं, तो रात्री उशी ओली करतो. तू डॉक्टरांचं नाव विचारलंस. मी म्हटलं, आवाज येत नाहीये, आणि ठेवून दिला. आवाज स्वच्छ येत होता.

'तुमच्या घराने आम्हाला फसवलं' हे वाक्य तुला ऐकावं लागलं, याचं मला सुख झालं. आठवडाभर पुरलं. शिकवताना मध्येच आठवायचं आणि बरं वाटायचं. मग परवा गोदाने तुझ्या थोरल्याचा विषय काढला. 'त्याला काही झालेलं नसताना त्याचं खेळणं का बंद, आई? डॉक्टर तर त्या दिवशी वेगळं म्हणाले होते.' ती शेजारीच बसली होती, मी विसरले होते. तिने ऐकलं होतं.

तर जे मी कार्यालयात बोलले नाही आणि तुला लिहिलंही नाही, ते आज लिहिते. डॉक्टर पुढे म्हणाले होते, 'वडिलांच्या भावंडांच्या अंगात असेल किंवा नसेलही. असलं तरी त्यांच्या मुलांना हे होण्यासाठी दुसऱ्या बाजूनेही यावं लागतं, आणि ती शक्यता फार थोडी असते.' मी 'असेल' म्हणाले. 'नसेलही' म्हणाले नाही. माझं प्रत्येक वाक्य खरं होतं. जे गाळलं त्याने घाव बसला. हे करताना मला पूर्ण भान होतं. तुझ्यासारखं पाण्यात पडून हात हलले नाहीत माझे.

हे पत्र सासूबाईंना वाचून दाखव. मुलाला बॅट परत दे. मनाच्या समाधानासाठी तपासून घ्यायचं असेल तर अल्पदृष्टी विभागात येऊन आबिदा म्हणून विचार, त्या योग्य डॉक्टरांकडे पाठवतील. येताना तू स्वतः ये. मुलगा तिथे सरळ, मोठ्याने सगळं सांगू लागला तर त्याला मध्ये थांबवू नकोस.

याचा अर्थ मी तुला क्षमा केली असा नाही. ती केलेली नाही. तुझ्या मुलाचं देणं मी तुझ्या खात्यात घातलं होतं, ते तेवढं काढून घेते. बाकीचं तसंच आहे. गोदाच्या लहानपणीची दहा-पंधरा वर्षं मला कोणी परत देणार नाही आणि त्याबद्दल मी शांत होणार नाही, होण्याचा प्रयत्नही करणार नाही.

गोदा इथेच आहे. माझ्याशी फार बोलत नाही. मी तिचं लग्न वापरून तुझा हिशेब चुकता केला, असं तिचं म्हणणं आहे. पण जेवायला एकत्र बसतो. तिला लेखनिक मंजूर झाला. पाठ्यपुस्तकं आबिदाने मोठ्या अक्षरात करून दिली, तर गोदा म्हणाली, 'एवढी मोठी अक्षरं, मला काय पोस्टर छापायचंय?' दुसऱ्या दिवशी धडे वाचत बसली होती. या खेपेला पानं एकसारखी उलटत नव्हती, अडत होती.

भारतचा फोन येतो. काय बोलतात ते मी विचारत नाही. कारभारीअण्णांचा निरोप अजून आलेला नाही.

काठीवरून मात्र रोज भांडण. 'काठी हातात घेतली की सगळ्यांना कळतं, आई.'

'तेवढ्यासाठीच असते ती.'

'तुला सोपंय. तुला आता काय कोणी बघायला येणारेत?'

हे लागलं. पण गेल्या आठवड्यापासून ती आबिदाबरोबर काठी घेऊन बाहेर पडते. पहिल्यांदा एका रिक्षावाल्याने थांबून 'जा ताई' म्हटलं तेव्हा तिला राग आला. परवा दुसऱ्याने थांबून म्हटलं, तेव्हा तिने हात वर केला आणि गेली. आबिदा म्हणतात, आता माझ्याशिवाय सोडा. मी म्हटलं, मी सोबत जाते. गोदा म्हणाली, 'नको. तू आलीस की मी तुझ्याकडेच लक्ष देते.'

उद्या सकाळी द्वारका चौक गोदाने एकटीने ओलांडायचा. मी अलीकडे थांबायचं.

सुवर्णा